धड नायक नाही, धड खलनायक नाही: गेममधल्या पात्रांची वर्गवारी कशी करायची

‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम खेळून संपवलेल्या दोघांना त्यातल्या जोएलबद्दल बोलायला बसवलं, की अर्ध्या तासात एक जण त्याला बाप म्हणतो आणि दुसरा खुनी. दोघंही खरंच बोलत असतात, म्हणून भांडण मिटत नाही. जुळे सोलापुरात एका मित्राच्या गच्चीवर आम्ही काही जण रविवारी जमतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे दिवे लागल्यावरच. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरांतली मंडळी आहेत. कोणी नाटकवाला, कोणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, एक जण टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. गेम संपवायचा आणि त्यातल्या पात्रांची चिरफाड करायची, एवढाच उद्योग. नवा येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी तेच विचारतो: “पण हा नक्की कोण आहे बे, हिरो का व्हिलन?” त्या प्रश्नाला भिडायची आमची पद्धत इथे लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो, खाली बऱ्याच गेमचे शेवट फुटणार आहेत.

दोन प्रश्न, दोन वह्या

नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. पात्राचं कथेतलं काम आणि पात्राचा नैतिक हिशोब हे दोन्ही ते एकाच रकान्यात कोंबतात. ‘गुरू’ म्हटलं की माणूस भला असणार, ‘दगाबाज’ म्हटलं की वाईटच असणार. मग ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधला टोळीचा म्होरक्या डच व्हॅन डर लिंड समोर येतो आणि पंचाईत होते. तो नायक आर्थर मॉर्गनचा गुरू आहे, त्याला पोरवयात उचलून वाढवणारा आहे आणि शेवटी त्याला मरायला सोडून जाणाराही तोच आहे.

म्हणून पहिल्या दिवशीच दोन वह्या करा. एकीत लिहायचं: या पात्रामुळे कथेत काय घडतं? दुसरीत: त्याने काय केलं आणि ते कोणाला भोवलं? समीक्षेत ज्याला आदिबंध म्हणतात, तो पहिल्या वहीचा विषय. आम्ही त्याला सरळ साचा म्हणतो.

ही फारकत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ मध्ये परीकथांची उकल करताना पात्रांची नावं, वयं, स्वभाव बाजूला ठेवले आणि फक्त ती कथेत कोणतं काम करतात ते पाहिलं. त्यातून सात भूमिका निघाल्या: खलनायक, दाता, मदतनीस, शोध जिचा घ्यायचा ती राजकन्या, नायकाला कामगिरीवर पाठवणारा, नायक आणि तोतया नायक. त्याचं एक निरीक्षण आपल्या फार उपयोगाचं आहे. एकाच पात्राकडे दोन-तीन कामं असू शकतात आणि एकच काम तीन पात्रांत वाटलेलंही असू शकतं. पुढे १९४९ मध्ये जोसेफ कॅम्पबेलने नायकाच्या प्रवासाची मांडणी केली आणि क्रिस्टोफर व्होगलरने त्यातून पटकथाकारांच्या कामाची यादी काढली: मार्गदर्शक, निरोप्या, उंबरठ्याचा राखणदार, रूप बदलणारा, सावली, खोडकर. गेमच्या कथांवरच्या चर्चेत हीच यादी सारखी भेटते.

आमच्यातला नाटकवाला हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात पडद्यापुढे कमी आणि पडद्यामागे जास्त असतो. त्याने भारतीय नाट्यपरंपरेतले नायकाचे चार प्रकार काढले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. २००५ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मधला क्रेटॉस, म्हणजे गर्विष्ठ, तापट, हिंस्र, हा धीरोद्धत हे सगळ्यांना लगेच पटलं. पुढे मात्र गाडी अडली. हे चारही प्रकार नायकाचे आणि आपली गोची करणारी पात्रं बऱ्याचदा नायकाच्या शेजारी उभी असतात.

‘कायदाप्रिय-भला’पासून ‘बेबंद-दुष्ट’पर्यंतचे, पात्राची नीती मांडणारे ते प्रसिद्ध नऊ चौकोन आहेत ना, त्यांचं मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात आहे. १९७४ मध्ये त्यात कायदा, तटस्थता आणि बेबंदपणा एवढेच तीन पक्ष होते. चांगल्या-वाईटाचा दुसरा अक्ष नंतर आला आणि नऊ चौकोन झाले. हे चौकोन दुसऱ्या वहीतले. त्यांना साचा समजून पहिल्या वहीत चिकटवलं, की पुढचं सगळं काम वाया जातं.

पायरी १: गेम स्वतः संपवा

मोबाइलवर कापून टाकलेल्या तुकड्यांवरून वर्गवारी होत नाही. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ‘सॅन अँड्रियास’ हा गेम सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने खेळला. चीट कोड मारायचे, रणगाडा मागवायचा, पोलिसांना पळवायचं, तेवढ्यात वेळ संपायचा किंवा भारनियमनाने दिवे जायचे. त्यामुळे बिग स्मोक हे पात्र निम्म्या लोकांना त्याच्या जेवणाच्या लांबलचक ऑर्डरपुरतंच माहीत असतं. तो नायक सीजेच्या आईच्या खुन्यांना मिळालेला होता, गॅरेजातली खुनाच्या वेळची ती हिरवी सेबर गाडी पाहिल्यावर सीजेच्या पायाखालची जमीन सरकते, हे कथा पूर्ण केलेल्यालाच ठाऊक.

पायरी २: पंचनामा करा

विशेषणं न वापरता लिहा. निर्दयी, प्रेमळ, बिचारा, क्रूर यातला एकही शब्द या पानावर नको. काय केलं, त्या वेळी त्याला काय माहीत होतं, कोणाला भोगावं लागलं, आणि त्याने स्वतः काय कारण दिलं, एवढंच.

जोएलचा पंचनामा साधारण असा होतो. २०१३ चा पहिला गेम, सॉल्ट लेक सिटीतलं इस्पितळ. बुरशीच्या साथीवर लस काढता येईल म्हणून फायरफ्लाय संघटनेचे डॉक्टर एलीच्या, म्हणजे रोगाला न जुमानणाऱ्या आणि जोएलने इथवर आणलेल्या मुलीच्या, मेंदूवर शस्त्रक्रिया करणार आहेत. त्यात ती मरणार. एली बेशुद्ध आहे, तिला कोणी विचारलेलं नाही. जोएल पहारेकऱ्यांना मारतो, शल्यचिकित्सकाला मारतो, एलीला उचलतो. संघटनेची प्रमुख मार्लीन वाटेत आडवी येते, तिलाही मारतो. एली शुद्धीवर आल्यावर तिला सांगतो की तुझ्यासारखे रोगाला न जुमानणारे अजून पुष्कळ सापडलेत आणि लस शोधायचा नादच त्यांनी सोडला आहे. ती शपथ घ्यायला लावते. तो घेतो.

आता गंमत बघा. आमच्याकडे भांडण नेहमी इस्पितळावर पेटतं, पण पंचनामा लिहिल्यावर लोकांचं बोट शपथेवर जाऊन थांबतं. इस्पितळात त्याच्याकडे क्षण होते. खोटं बोलायला त्याच्याकडे अख्खा रस्ता होता. एलीला न विचारण्याचा जो दोष तो डॉक्टरांना देतो, तोच खोटं बोलून स्वतः करतो. विशेषणं घातली असती तर हे दिसलं नसतं, कारण ‘बाप’ हा एकच शब्द सगळं झाकून टाकतो.

पायरी ३: बटण कोणी दाबलं ते वेगळं काढा

ही पायरी कथा-कादंबरीच्या अभ्यासात नाही, फक्त गेमच्या अभ्यासात आहे. म्हणूनच साहित्याचे विद्यार्थीसुद्धा इथे अडखळतात. गेममध्ये कृत्यं तीन तऱ्हेची असतात. काही पडद्यावर आपोआप घडतात, आपण फक्त बघतो. काही आपल्याच हातून घडतात, पण दुसरा मार्ग दिलेला नसतो. काहींत खरोखर निवड असते. प्रत्येक कृत्यापुढे यातली तऱ्हा लिहा.

आर्थर मॉर्गनवर हे करून बघा. गेम २०१८ चा, कथा १८९९ ची. टोळीतल्या स्ट्रॉसच्या सावकारीची वसुली आर्थरकडे असते. थॉमस डाउन्स नावाच्या आजारी कर्जदाराला तो बडवतो, त्या वेळी डाउन्स त्याच्या तोंडावर खोकतो आणि क्षय आर्थरला लागतो. ही वसुली टाळता येत नाही; कथा पुढे जायची तर बडवावंच लागतं. पुढे डाउन्सच्या विधवेला आणि मुलाला मागे उरलेल्या हलाखीतून बाहेर काढायचं की नाही, हे मात्र खेळणाऱ्यावर आहे. वाटेत दिसणाऱ्यांना लुटायचं की मदत करायची, तेही त्याच्यावर. गेम याचा हिशोब ‘ऑनर’ म्हणून ठेवतो आणि शेवट त्यावरही बदलतो: एका वाटेवर प्रतिष्ठा राखली असेल तर आर्थर सूर्योदय पाहत मरतो, घालवली असेल तर टोळीतलाच मायका बेल त्याला मारतो.

आता प्रश्न असा, की वर्गवारी कोणत्या आर्थरची करायची? आमचा नियम सोपा आहे. कोणीही कसाही खेळला तरी जे घडणारच, ते पात्राचं. जे खेळणाऱ्यागणिक बदलतं, ते खेळणाऱ्याचं. त्यानुसार गरिबाला बडवणं आर्थरचं, क्षय झाल्यावर बदललेली नजरही आर्थरची. “माझा आर्थर फार सज्जन होता” हे वाक्य खरं असेलही, पण ते बोलणाऱ्याबद्दल जास्त सांगतं.

मधली तऱ्हा, म्हणजे हात आपला पण मार्ग एकच, ही सगळ्यांत अवघड आणि माझ्या मते सगळ्यांत कसदार. २०१२ च्या ‘स्पेक ऑप्स: द लाइन’मध्ये वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईत कॅप्टन वॉकर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो. निशाणा आपण धरतो. धूर विरल्यावर कळतं की तिथे निःशस्त्र नागरिक होते. दुसरा मार्ग गेम देतच नाही, तरी दोष वॉकर कोणावर तरी ढकलत राहतो आणि आपणही “गेमने करायला लावलं” म्हणून तेच करतो. अशा पात्राच्या पानावर आम्ही समासात ‘हातमिळवणी’ असा शेरा मारतो. म्हणजे नैतिक हिशोबात खेळणाऱ्याला ओढायचं लेखकाने मुद्दाम ठरवलं आहे. जोएलच्या शल्यचिकित्सकापुढेही हाच शेरा येतो: तो सुरी घेऊन उभा असतो आणि त्याला मारल्याशिवाय प्रसंग पुढे सरकत नाही.

पायरी ४: कथेतलं काम ओळखा

आता पहिली वही. साचे बरेच आहेत. सगळे पाठ करण्याची गरज नाही. नैतिक गुंता असलेली पात्रं थोड्याच साच्यांत वारंवार सापडतात.

*घसरलेला गुरू.* नायकाला शिकवतो, घडवतो आणि मग शिकवलेलंच स्वतः मोडतो. डच हा याचा नमुना. गुरू घसरला की शिष्याला स्वतःची नीती स्वतः शोधावी लागते, हेच या साच्याचं काम. ओळखायची खूण म्हणजे नायक शेवटी त्याच्याविरुद्ध जे बोलतो, ते पूर्वी त्यानेच शिकवलेलं असतं.

*बहुरूपी.* आपला की परका हे शेवटपर्यंत कळू देत नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल’मधली एडा वाँग १९९८ पासून हेच करते आहे. चौथ्या भागात ती नायक लिऑनवर पिस्तूल रोखून त्याच्याकडून घातक परजीवीचा नमुना काढून घेते आणि जाताना पळून जाण्यासाठीच्या जेट स्कीची किल्ली त्याच्याकडे फेकते. दोन्ही एकाच दमात.

*घरभेदी.* नवखे याला बहुरूप्यात घालतात. दोघांत फरक आहे. बहुरूप्याबद्दलची शंका कथाभर जागी असते, घरभेद्याबद्दल ती उशिरा येते आणि आल्यावर मिटते. बिग स्मोक घरभेदी. ‘बायोशॉक’मधला अ‍ॅटलस त्याच्याही पुढचा, कारण तिथे फसवणूक खेळणाऱ्याच्या आज्ञाधारकपणावरच उभी आहे: नम्रपणे सांगितलेली कामं आपण निमूट करत राहिलो, हेच हत्यार होतं. आणि इथे माझं स्पष्ट मत आहे, घरभेदी पात्रं बहुतेक वेळा नैतिकदृष्ट्या गुंतागुंतीची नसतातच. धक्का बसला म्हणून आपण त्यांना खोल समजतो. बिग स्मोक पैशासाठी आणि सत्तेसाठी फिरला. शेवटी तो स्वतःच तसं कबूल करतो. पहिल्या वहीत त्याचं पान मोठं होईल, दुसरीत दोन ओळी पुरतात.

*सावली.* नायकाने एक वळण चुकीचं घेतलं असतं तर तो जसा झाला असता, तसं पात्र. आर्थरला मायका बेल आहे. पण साच्याचा सगळ्यांत धाडसी वापर २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये आहे. जोएलने मारलेल्या शल्यचिकित्सकाची मुलगी अ‍ॅबी जोएलला ठार मारते, आणि नंतर जवळजवळ अर्धा गेम आपल्याला तिचाच हात धरून चालावं लागतं. एलीच्या कथेत अ‍ॅबी सावली, अ‍ॅबीच्या कथेत एली. साचा माणसाला कायमचा चिकटलेला नसतो, तो कोणाच्या बाजूने बघताय त्यावर ठरतो, हे समजवायला मी नेहमी हेच उदाहरण देतो.

*कर्ण.* ही आमची घरची भर. चुकीच्या बाजूला उभा आहे हे त्याला कळतं, पण उपकाराचं ओझं त्याला हलू देत नाही. परदेशी यादीत यासाठी नीट जागा नाही. आर्थर दीर्घकाळ हाच आहे: डचने पोसलं, म्हणून डच चुकतोय हे दिसूनही तो घोडा त्याच्याच मागे हाकतो. सोलापुरात काय, कुठल्याही मराठी घरात हा साचा समजावून सांगावा लागत नाही.

*साध्यासाठी साधन विसरलेला.* ‘मास इफेक्ट २’मधला मॉर्डिन सोलस डॉक्टर आहे, बोलघेवडा आहे, आणि क्रोगन जमातीची जननक्षमता दाबून ठेवणारा जिनोफाज नव्याने घडवण्यात त्याचा हात आहे. युद्ध टळावं हा हेतू, मेलेली अर्भकं हे फळ. या साच्यात पंचनाम्यातला ‘कोणाला भोगावं लागलं’ हा रकाना मोठा काढून ठेवा, कारण असं पात्र बोलताना नेहमी आकड्यांत बोलतं.

*प्रायश्चित्ताच्या वाटेवरचा.* २०१८ चा क्रेटॉस. जुन्या गेममध्ये कपटाने का होईना, बायको आणि मुलगी त्याच्याच हातून मेली. आता दुसऱ्या भूमीत मुलगा अ‍ॅट्रियसला वाढवताना ते सगळं लपवत असतो. लक्षात ठेवा, पश्चात्ताप झाला म्हणजे हिशोब फिटला असं नाही. साचा फक्त एवढंच सांगतो की कथा त्याच्या परतीच्या वाटेची आहे.

उंबरठ्याचा राखणदार, निरोप्या आणि खोडकर या साच्यांत नैतिक गुंता क्वचित सापडतो. आले तर नोंद करा आणि पुढे चला. एक ठळक अपवाद: ‘पोर्टल’मधली ग्लॅडोस. केकचं आमिष दाखवून जीव घ्यायला निघालेली ही यंत्रणा दुसऱ्या भागात बटाट्यावर चालणारी सोबतीण होते, आणि आपण तिला सांभाळून नेतो.

पायरी ५: साच्यापुढे प्रकरण लिहा

“हेथम केनवे कोण आहे?” या प्रश्नाला उत्तर नाही. “कधीचा हेथम?” असं विचारा. २०१२ च्या ‘असॅसिन्स क्रीड ३’मध्ये सुरुवातीला आपण त्याच्याच भूमिकेत खेळतो आणि त्याला नायक धरून चालतो. मग उघड होतं की तो टेम्प्लर आहे, म्हणजे मालिकेत ज्यांच्याशी लढत आलो त्यांच्यातला. त्यानंतर मुलगा कॉनरच्या कथेत तो बाप, सावली आणि खलनायक अशी तिन्ही कामं आळीपाळीने करतो. त्याने पक्ष बदललेला नाही. आपली जागा बदलली.

डचचं उलटं आहे, तिथे खरंच घसरण आहे. ब्लॅकवॉटरच्या दरोड्यात त्याने एका मुलीला मारल्याचं आपण फक्त ऐकतो. पुढे शहरातला बडा गुंड ब्रॉन्टे याला बुडवून मगरीपुढे टाकणं, ग्वार्मा बेटावर एका म्हातारीचा गळा दाबणं आणि शेवटी तेल कारखान्यात आर्थरला वाऱ्यावर सोडणं. प्रकरणवार लिहिलं की दिसतं, तो अचानक बदलला नाही. प्रत्येक वेळी कारण थोडं अधिक तोकडं होत गेलं. आमच्यात एका गटाचं म्हणणं आहे की ब्लॅकवॉटरलाच सगळं ठरलं होतं आणि पुढचा फक्त मुखवटा उतरत गेला. दोन्ही वाचनांना पुरावा आहे. अशा वेळी दोन्ही लिहा.

पायरी ६: ‘कर्णाची सूट’ तपासा

कर्णाबद्दलचा जिव्हाळा आपल्याकडे खोल आहे. ज्याच्यावर लहानपणी अन्याय झाला त्याला पुढचं बरंचसं माफ, असा आपला कल असतो. पण द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो काय बोलला, हेही त्याच महाभारतात आहे. गेमचे लेखक या आपल्या कलाचा पुरेपूर फायदा घेतात. मेलेली मुलगी, जळलेलं गाव, अनाथपण असा एखादा प्रसंग आधी दाखवला की पुढची हत्याकांडं पचतात.

म्हणून दुसऱ्या वहीतलं पान पूर्ण झालं की भूतकाळाचा भाग हाताने झाकून पुन्हा वाचा. कृत्यांच्या यादीत अजूनही दोन्ही बाजूंची कृत्यं दिसत असतील तर पात्र खरंच गुंतागुंतीचं आहे. सगळी कृत्यं एकाच बाजूची आणि फक्त भूतकाळच दुःखद, तर तो दुःखद भूतकाळ असलेला खलनायक आहे. तोही चांगला लिहिलेला असू शकतो, पण त्याची जागा वेगळी. देखणा चेहरा, भारी आवाज आणि काळा कोट यांनाही हीच चाळणी लावा. अर्ध्याहून अधिक ‘गूढ’ पात्रं इथेच गळतात.

एक सोडवलेलं उदाहरण: ब्लडी बॅरन

‘द विचर ३’ (२०१५) या पोलिश स्टुडिओच्या गेममध्ये वेलन नावाचा दलदलीचा, युद्धाने पिचलेला मुलूख आहे. तिथे फिलिप स्ट्रेंगर हा जुना सैनिक स्वतःच बॅरन होऊन बसला आहे. नायक गेराल्ट लेकीसारख्या सिरीला शोधत येतो. बॅरनकडे तिची खबर आहे, पण ती तो तुकड्यातुकड्याने देतो. आधी माझी हरवलेली बायको अ‍ॅना आणि मुलगी तमारा शोधून दे म्हणतो.

पंचनामा: दारू पिऊन बायकोला मारायचा. त्यातच तिचा गर्भ पडला. युद्धावर असताना तिचं दुसऱ्याशी जमलं, त्या माणसाला त्याने मारलं. त्याची माणसं मुलखात धुमाकूळ घालतात, तो आवरत नाही. दुसरीकडे, आसऱ्याला आलेल्या सिरीशी तो मायेने वागतो. न पुरलेल्या अर्भकाचं भूत झालेलं असतं. गेराल्टने त्याला न मारता शांत करायचा मार्ग निवडला तर बॅरन त्याला उचलून नेतो, नाव ठेवतो, माफी मागतो आणि उंबऱ्याखाली पुरतो.

बटण कोणाचं: मारहाण, खून, दारू हे सगळं आपण येण्याआधीचं, म्हणजे पूर्णपणे त्याचं. अर्भकाला नाव देण्याची वेळ त्याच्यावर येते की नाही, हे आपल्या निवडीवर. आणि शेवट तर भलत्याच निवडीवर टांगलेला आहे. टेकडीखालच्या झाडात कोंडलेल्या शक्तीला सोडलं तर अनाथ मुलं वाचतात, पण अ‍ॅना शापाने मरते आणि बॅरन गळफास घेतो. त्या शक्तीला मारलं तर मुलं जातात, अ‍ॅना भ्रमिष्ट होऊन जगते आणि बॅरन तिला उपचाराला दूर डोंगरात घेऊन जातो. म्हणजे त्याचा शेवट त्याच्या कर्माचा निकाल नाही. त्यावरून त्याला माफी किंवा शिक्षा झाली असं मांडू नका. नवखे इथे हमखास फसतात.

काम: प्रॉपच्या भाषेत दाता, कारण नायकाला हवी ती गोष्ट तो परीक्षा घेऊन देतो. व्होगलरच्या यादीत उंबरठ्याचा राखणदार. गेराल्टही बापाच्या नात्यानेच सिरीला शोधतोय, म्हणून बॅरन त्याची सावली. उत्तरार्धात प्रायश्चित्ताच्या वाटेवरचा. चार साचे, प्रकरणवार.

चाळणी: भूतकाळ झाका म्हटलं तर इथे अडचण येते, कारण त्याची जवळपास सगळी वाईट कृत्यं भूतकाळातच आहेत. तो स्वतः युद्धाचं कारण देतो, बायकोच्या वागण्याचं देतो. ती कारणं झाकली तरी मायेची आणि माराची दोन्ही कृत्यं उरतात. गुंता खरा आहे. मात्र तमारा त्याला माफ करायला तयार नाही आणि गेम तिला चुकीचं ठरवत नाही, ही नोंद पानावर हवीच. गच्चीवर या पात्राच्या वेळी पुरुष मंडळी प्रायश्चित्तावर जास्त बोलली, आणि आमच्यातल्या दोघी मैत्रिणींनी विचारलं, “अ‍ॅनाचं पान कोण लिहिणार?” तेव्हापासून नियम झाला: ज्याला सगळ्यांत जास्त भोगावं लागलं, त्याच्या बाजूनेही एक पान लिहायचं.

वाद झाला तर

होणारच. आधी बघायचं, भांडण कोणत्या वहीतलं आहे. निम्मे वाद इथेच संपतात, कारण एक जण कामाबद्दल बोलत असतो आणि दुसरा हिशोबाबद्दल. पहिल्या वहीतला वाद असेल तर ते पात्र काढून कथा पुन्हा सांगून बघा; जे कोसळतं ते त्याचं काम. दुसऱ्या वहीतला वाद असेल तर पंचनाम्यातली ओळ दाखवायची, ओळ नसेल तर बोलायचं नाही. मतदान घेऊ नका. आम्ही घेऊन पाहिलं. ज्याचा आवाज मोठा त्याचं पात्र जिंकतं.

सुरुवात कुठून

महागडं यंत्र लागतंच असं नाही. ‘सॅन अँड्रियास’ फोनवर खेळता येतो. सीजे, बिग स्मोक आणि भ्रष्ट पोलिस टेनपेनी या तिघांची पानं सरावाला उत्तम. चांगला संगणक असेल तर ‘रेड डेड २’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग दोन्ही त्यावर आहेत. पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०) जरूर खेळा, पण या अभ्यासासाठी नव्हे. त्यात बाजू स्वच्छ आहेत.

माझा आग्रह मात्र ‘पेपर्स, प्लीज’साठी आहे. २०१३ चा छोटा गेम, २०२२ पासून फोनवरही आहे. आर्स्टोत्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही पासपोर्ट तपासणारे कारकून. दिवसाला दोन चुका माफ, मग दंड. आणि पगारातून घरभाडं, अन्न, ऊब, औषध. एका दिवशी एक नवरा कागद नीट असल्यामुळे आत जातो आणि सांगतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. या कारकुनाला नाव नाही, संवाद जवळजवळ नाहीत, भूतकाळ नाही आणि जवळपास प्रत्येक शिक्का तुम्हीच मारलेला असतो. पहिला आठवडा खेळा आणि तिसऱ्या पायरीचं कोष्टक भरा. ‘पात्राचं’ या रकान्यात काय उरतं ते घेऊन या, पुढच्या रविवारी त्यावरच बसू.